चेंडूच्या आधी पोहोचणारा कर्णधार – बॉबी मूर



शाळेत फुटबॉलचे संघ निवडायची वेळ आली की दरवर्षी एकच दृश्य दिसते. क्रीडाशिक्षक विचारतात, पुढे कोण खेळणार? वीस हात वर होतात. मागे कोण खेळणार, असे विचारले की सगळ्यांना एकदम बुटांच्या नाड्या बांधायची आठवण होते. शेवटी जो जरा हळू धावतो, किंवा जो फार बोलत नाही, त्याला मागे उभे केले जाते. मागच्या वर्षी सहावीतला एक मुलगा रडवेला होऊन माझ्या खोलीत आला होता. मागे उभे करणे म्हणजे शिक्षा आहे, असे त्याने मनाशी पक्के धरले होते. मी त्याला वचन दिले, की तुला एका माणसाची गोष्ट सांगेन. ती गोष्ट त्याच्या निमित्ताने आज सगळ्यांसाठी लिहीत आहे.

आपले इंदूर क्रिकेटवेडे. कर्नल सी. के. नायडू आणि होळकर संघाच्या आठवणी जुन्या मंडळींच्या तोंडून आपण ऐकत आलो. फुटबॉलच्या खेळाडूंविषयी आपल्याकडे वाचले जाते ते कमीच. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. त्या दिवसांत एका हिंदी क्रीडा मासिकात मी एक छायाचित्र पाहिले होते. सामना संपला आहे, दोन खेळाडू उघड्या अंगाने एकमेकांसमोर उभे आहेत, हसत आहेत आणि आपापले सदरे बदलून घेत आहेत. एक काळा, एक गोरा. काळा म्हणजे पेले, हे मला कळले. दुसरा कोण, ते मला माहीत नव्हते. तो इंग्लंडचा कर्णधार बॉबी मूर होता. सामना मूर हरला होता, पण चेहऱ्यावर हार दिसत नव्हती. तेव्हापासून या माणसाविषयी मिळेल ते वाचत आलो.

युद्धकाळात जन्म

रॉबर्ट फ्रेडरिक चेल्सी मूर याचा जन्म १२ एप्रिल १९४१ रोजी लंडनच्या पूर्वेला असलेल्या बार्किंग या कामगारवस्तीच्या गावात झाला. दुसरे महायुद्ध चालू होते आणि जर्मन विमाने लंडनवर बॉम्ब टाकत होती. बॉबी आईवडिलांचा एकुलता एक मुलगा. घर साधे, पण नीटनेटके. हा नीटनेटकेपणा त्याच्या अंगात जन्मभर राहिला. मोठेपणी त्याच्या कपाटातले स्वेटरसुद्धा गडद रंगापासून फिक्या रंगापर्यंत क्रमाने टांगलेले असत, असे सांगतात. आपल्या वसतिगृहातल्या मुलांनी हे वाक्य दोनदा वाचावे!

बार्किंगच्या वेस्टबरी शाळेत आणि नंतर लेटनच्या टॉम हूड शाळेत तो शिकला. तुम्हाला ऐकून आनंद होईल, की तो क्रिकेटही उत्तम खेळे. इसेक्सच्या युवा संघात तो होता आणि त्याच संघात जेफ हर्स्ट नावाचा आणखी एक मुलगा होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५६ मध्ये वेस्ट हॅम युनायटेड या पूर्व लंडनच्या क्लबमध्ये तो दाखल झाला. तिथे त्याच्याबरोबरच्या मुलांत त्याच्यापेक्षा वेगाने धावणारे पुष्कळ होते. मूरचा वेग बेताचाच होता आणि तो कधी फारसा वाढला नाही. उंच आलेला चेंडू डोक्याने मारण्यातही तो विशेष तरबेज नव्हता. बचावपटूला तर या दोन गोष्टी लागतातच, असे सगळे मानत. मग हा मुलगा पुढे कसा गेला?

गुरूने दिलेला एक प्रश्न

याचे उत्तर माल्कम ॲलिसन या नावात आहे. ॲलिसन वेस्ट हॅमचा अनुभवी बचावपटू होता. संध्याकाळी तो क्लबच्या लहान मुलांना शिकवत असे. मूरला त्याने एक सवय लावली. चेंडू आपल्याकडे येण्याआधीच स्वतःला विचारायचे, की आता या क्षणी चेंडू माझ्या पायाशी आला तर मी तो कोणाला देईन? संपूर्ण सामनाभर, चेंडू कुठेही असो, हा प्रश्न मनात चालूच ठेवायचा.

ऐकायला सोपे वाटते. करून पाहा म्हणजे कळेल. आपल्यापैकी बहुतेक जण चेंडू पायाशी आल्यावर विचार करू लागतात, आणि तोपर्यंत समोरचा येऊन चेंडू घेऊन जातो. मूरने ही सवय इतकी अंगी बाणवली की त्याला पळायची फारशी गरजच राहिली नाही. प्रतिस्पर्धी चेंडू कुठे टाकणार हे तो आधी ओळखत असे आणि तिथे आधीच जाऊन उभा राहत असे. बघणाऱ्याला वाटे, चेंडू आपणहून याच्याकडे आला.

पुढे ॲलिसनला क्षयरोग झाला. एक फुप्फुस काढावे लागले. तरी तो जिद्दीने परत आला आणि पुन्हा मुख्य संघात खेळण्याची वाट पाहू लागला. ८ सप्टेंबर १९५८ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध सामना होता. बचावफळीत एक जागा रिकामी होती. त्या जागेसाठी दोन नावे होती, ॲलिसन आणि सतरा वर्षांचा मूर. व्यवस्थापक टेड फेंटन यांनी कर्णधार नोएल कँटवेलचे मत विचारले. कँटवेल ॲलिसनचा जवळचा मित्र, तरीही त्याने मूरचे नाव सांगितले.

सहा क्रमांकाचा सदरा मूरला मिळाला. वेस्ट हॅमने तो सामना ३-२ असा जिंकला. ॲलिसनला मुख्य संघात पुन्हा कधी खेळता आले नाही. ज्याने शिकवले त्याच्याच जागेवर आपण उभे आहोत, ही बोच मूरला पुढे कित्येक वर्षे राहिली. मित्रांनो, यश मिळते तेव्हा कोणाच्या तरी खांद्यावर आपला पाय असतो, हे विसरू नये.

बचावपटूचे काम म्हणजे काय?

थोडे थांबून खेळ समजून घेऊ. गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते. जो गोल झालाच नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही. बचावपटूचा हिशेब हा असा उलटा असतो. नव्वद मिनिटांत एकोणनव्वद मिनिटे त्याने चोख काम केले आणि एका मिनिटात चूक केली, तर लोक ते एकच मिनिट लक्षात ठेवतात.

मूर साधारणपणे मधल्या उंच बचावपटूच्या डाव्या बाजूला खेळत असे. इंग्लंडच्या संघात हा उंच जोडीदार म्हणजे जॅक चार्ल्टन. उंच आलेले चेंडू चार्ल्टनने डोक्याने परतवायचे, आणि त्याच्या मागे-बाजूला जी मोकळी जागा राहते तिची राखण मूरने करायची. मूर उगाच जमिनीवर लोळण घेत नसे. जो बचावपटू आधी घसरतो तो हरतो, कारण पडलेल्या माणसाला वळसा घालणे सोपे असते. मूर पायावर उभा राही, मागे मागे सरके, समोरच्याला घाई करू देई आणि चेंडू त्याच्या पायापासून वीतभर सुटला की तेवढ्यात काढून घेई. चेंडू मिळाल्यावर तो प्रेक्षकांत भिरकावून देत नसे. मान वर करून नेमक्या माणसाला देत असे. म्हणजे संघाचे आक्रमण बचावातूनच सुरू होई.

मोठेपण आणि गुप्त आजार

२० मे १९६२ रोजी पेरूविरुद्ध लिमा शहरात तो इंग्लंडकडून पहिला सामना खेळला. त्याच वर्षी चिलीतल्या विश्वचषकात इंग्लंडचे चारही सामने तो खेळला. २९ मे १९६३ रोजी ब्राटिस्लाव्हात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध तो प्रथमच इंग्लंडचा कर्णधार झाला. वय २२ वर्षे. एवढ्या लहान वयात इंग्लंडचे कर्णधारपद तोवर कोणालाच मिळाले नव्हते.

२ मे १९६४ रोजी त्याच्या नेतृत्वाखाली वेस्ट हॅमने प्रेस्टनला ३-२ ने हरवून एफ. ए. कप जिंकला. त्या वर्षी इंग्लंडमधल्या क्रीडापत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून निवडले. सगळे कसे मनासारखे चालले होते. आणि त्याच वर्षाच्या शेवटी, नोव्हेंबर महिन्यात, २३ वर्षांच्या मूरला वृषणाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. घरी पत्नी टीना पहिल्या बाळाची वाट पाहत होती.

त्या काळी कर्करोगाचे नावही लोक उघडपणे घेत नसत. त्याची शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले. बाहेर मात्र खेळताना झालेली दुखापत एवढेच सांगण्यात आले. बरोबरच्या खेळाडूंनाही खरी गोष्ट कळली नाही. काही महिन्यांत तो पुन्हा मैदानावर उभा होता आणि १९ मे १९६५ रोजी वेम्बली मैदानावर म्युनिकच्या संघाला २-० ने हरवून त्याने वेस्ट हॅमसाठी युरोपचा कप विनर्स कप उचलला. फोटोतल्या त्या हसऱ्या तरुणाने सहा महिन्यांपूर्वी काय सोसले होते, हे प्रेक्षकांना माहीत नव्हते. सर्वसामान्य लोकांना ही हकीकत त्याच्या मृत्यूनंतर कळली.

इथे मला प्राचार्य म्हणून दोन शब्द सांगायचे आहेत. मूरने आजार लपवला तो काळच तसा होता. तुम्ही लपवू नका. शरीरात कुठेही गाठ, दुखणे, काही वेगळे वाटले, तर लाज न बाळगता आईवडिलांना, शिक्षकांना सांगा. यात लाज कसली?

१९६६ चा उन्हाळा

१९६६ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये होता. सुरुवातच विनोदी झाली. मार्च महिन्यात लंडनमधल्या एका प्रदर्शनातून खुद्द चषकच चोरीला गेला! आठवडाभराने दक्षिण लंडनमध्ये पिकल्स नावाच्या एका कुत्र्याने तो शोधून काढला. वर्तमानपत्रात गुंडाळून कुंपणापाशी टाकून दिलेला होता.

मूरचीही एक अडचण होती. वेस्ट हॅमशी त्याचा करार संपला होता आणि नवा करार करायला तो तयार नव्हता, त्याला दुसऱ्या क्लबात जायचे होते. पण कोणत्याही क्लबशी करार नसलेला खेळाडू विश्वचषकात कसा खेळणार? राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक अल्फ रॅम्से यांनी वेस्ट हॅमचे व्यवस्थापक रॉन ग्रीनवुड यांना हॉटेलवर बोलावून घेतले आणि एक महिन्यापुरता करार करून प्रश्न सोडवला.

पहिला सामना उरुग्वेशी ०-० असा बरोबरीत सुटला. लोक नाराज झाले. मग मेक्सिको २-०, फ्रान्स २-०, उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिना १-०. चार सामने झाले, इंग्लंडवर एकही गोल नाही. उपांत्य सामन्यात पोर्तुगालच्या युसेबियोने ८२व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला, तो स्पर्धेत इंग्लंडवर झालेला पहिला गोल. तो सामना इंग्लंडने २-१ असा जिंकला. वर्तमानपत्रे गोल करणाऱ्यांविषयी लिहीत होती. पण घर मजबूत होते ते मागच्या भिंतीमुळे.

३० जुलै १९६६. वेम्बलीवर नव्वद हजारांहून जास्त प्रेक्षक. अंतिम सामना पश्चिम जर्मनीशी. बाराव्या मिनिटालाच हॅलरने जर्मनीचा गोल केला. सहा मिनिटांनी मूरला धक्का देऊन पाडले गेले. पंचांनी फ्री किक दिली. दुसरा कोणी असता तर गुडघा चोळत बसला असता. मूर उठला, मान वर केली, आणि जर्मन खेळाडू जागा घेईपर्यंत चेंडू नेमका गोलच्या समोर पाठवला. तिथे जेफ हर्स्ट धावत येत होता. डोक्याने मारून गोल! क्रिकेटच्या दिवसांपासूनचे दोन मित्र. चेंडू येण्याआधी विचार करायची ती जुनी सवय इथे कामी आली.

७८व्या मिनिटाला मार्टिन पीटर्सने, म्हणजे वेस्ट हॅमच्याच आणखी एका खेळाडूने, दुसरा गोल केला. जिंकलो असे वाटत असतानाच ८९व्या मिनिटाला वेबरने बरोबरी साधली. जादा वेळ सुरू झाला. हर्स्टचा एक फटका आडव्या दांड्याला लागून खाली आपटला. तो रेषेच्या आत पडला की नाही, यावर आजही वाद होतो. पंचांनी गोल दिला, ३-२.

आता शेवटचे क्षण. जर्मनी जिवाच्या आकांताने चढाई करत होती. चेंडू मूरकडे आला, तोही स्वतःच्या गोलजवळ. जॅक चार्ल्टन ओरडत होता, की दूर कुठेही फेकून दे. शहाणपणाचे तेच होते. मूरने चेंडू छातीवर घेतला, शांतपणे खाली उतरवला, एका सहकाऱ्याशी देवाणघेवाण केली आणि मान वर करून पाहिले. दूर पुढे हर्स्ट एकटा होता. मूरने लांब पास दिला. हर्स्ट धावत गेला आणि चौथा गोल झाला. ४-२. इंग्लंडने प्रथमच विश्वचषक जिंकला.

पायऱ्या चढून तो चषक घ्यायला राणी एलिझाबेथ यांच्यासमोर जाऊ लागला तेव्हा त्याचे लक्ष त्यांच्या पांढऱ्याशुभ्र हातमोज्यांकडे गेले. आपले हात चिखलाने माखलेले. विश्वविजेता कर्णधार आधी हात पुसू लागला. समोरच्या मखमली कापडाला हात पुसून मगच त्याने हस्तांदोलन केले. एकशेवीस मिनिटे खेळल्यानंतरही समोरच्या माणसाचा विचार आधी, हे लक्षात घ्या.

विजयाबद्दल संघाला २२ हजार पौंड बक्षीस मिळाले. खेळाडूंनी ते बावीस जणांत सारखे वाटून घेतले. जे एकही सामना खेळले नाहीत, त्यांनाही तेवढेच.

चोरीचा आळ

चार वर्षांनी, १९७० मध्ये, मेक्सिकोत विश्वचषक होता. तयारीसाठी इंग्लंडचा संघ कोलंबियाच्या बोगोटा शहरात गेला. हॉटेलातल्या दागिन्यांच्या दुकानात मूर आणि एक सहकारी डोकावले. बाहेर आल्यावर दुकानातून एक ब्रेसलेट गेल्याचा आरोप झाला. संघ इक्वेडोरला सामना खेळून बोगोटामार्गे परत जात असताना मूरला अटक झाली. विश्वविजेता कर्णधार, स्पर्धेला आठवडा उरलेला, आणि हा परक्या देशात चोरीच्या आळाखाली. एका फुटबॉल अधिकाऱ्याच्या घरी त्याला नजरकैदेत ठेवण्यात आले.

त्याने आरडाओरडा केला नाही. चौकशीला शांतपणे उत्तरे दिली आणि पहाऱ्यावरच्या माणसांच्या संगतीने व्यायाम चालू ठेवला. चार दिवसांनी त्याची सुटका झाली. पुरावा काहीच निघाला नाही. पण ते प्रकरण कागदोपत्री बंद व्हायला १९७५ साल उजाडले. खोटा आळ आला तर काय करावे, हे मुले मला कधी कधी विचारतात. मला मूर आठवतो. आपले काम करत राहावे, शांत राहावे.

काही दिवसांतच, ७ जून रोजी, ग्वादालाहाराच्या रणरणत्या उन्हात ब्राझीलशी सामना झाला. ब्राझीलचा जाइर्झिन्यो वाऱ्यासारखा धावत मूरच्या अंगावर आला. मूर मागे सरकत राहिला, सरकत राहिला, आणि बरोबर त्या एका क्षणी पाय घालून चेंडू काढून घेतला. जाइर्झिन्योला धक्कासुद्धा लागला नाही. फुटबॉल शिकवणारे आजही ते चित्रीकरण मुलांना दाखवतात. तरी सामना ब्राझीलने १-०ने जिंकला, आणि तो गोल जाइर्झिन्योनेच केला. त्यानंतरचे ते छायाचित्र, जे मी लहानपणी पाहिले. आपण ज्यांच्याविरुद्ध खेळलो त्या बचावपटूंत मूर सर्वश्रेष्ठ, असे पेले पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

चुका आणि उतार

थोरांची चरित्रे लिहिताना आपण त्यांच्या चुका गाळतो. ते बरोबर नाही. जानेवारी १९७१ मध्ये एका महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या रात्री मूर आणि काही सहकारी उशिरापर्यंत बाहेर क्लबात बसले. दुसऱ्या दिवशी वेस्ट हॅम ४-० असा हरला. त्याला दंड झाला, संघातून काही काळ वगळले गेले. चूक ती चूक, कर्णधाराची झाली तरी.

पुढच्या वर्षी, जानेवारी १९७२ मध्ये, स्टोक सिटीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात वेस्ट हॅमचा गोलरक्षक जखमी झाला. त्या वेळी दुसरा गोलरक्षक बदली म्हणून नसे. मूरने हातमोजे न मागता जागा घेतली, असे म्हटले तरी चालेल, इतक्या सहजपणे तो गोलमध्ये जाऊन उभा राहिला. समोर पेनल्टी. त्याने ती अडवली! पण चेंडू परत मारणाऱ्याकडेच गेला आणि गोल झाला. सामना ३-२ ने गेला.

६ जून १९७३ रोजी पोलंडमध्ये खेळताना मात्र त्याच्याच पायातून लुबान्स्कीने चेंडू काढून घेतला आणि गोल केला. जो माणूस कधी चुकत नाही असे लोक म्हणत, तो सगळ्यांसमोर चुकला. इंग्लंड २-० असा हरला. ऑक्टोबरमध्ये वेम्बलीवर पोलंडशी परतीचा सामना होता, जिंकणे आवश्यक होते. मूरला खेळवले नाही. बाकावर बसून त्याने १-१ अशी बरोबरी पाहिली आणि इंग्लंड पुढच्या विश्वचषकातून बाहेर पडला. १४ नोव्हेंबर १९७३ रोजी इटलीविरुद्ध तो इंग्लंडकडून शेवटचा खेळला. एकूण १०८ सामने, त्यांतले ९० कर्णधार म्हणून. १०८ हा तेव्हा इंग्लंडचा विक्रम होता. या संख्येचे आपल्याला वेगळे कौतुक वाटेल!

१९७४ मध्ये तो फुलहॅम या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात गेला. आणि नशीब पाहा, १९७५ मध्ये फुलहॅम एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. समोर कोण? वेस्ट हॅम! मूर जुन्या घराविरुद्ध वेम्बलीवर उतरला आणि २-० असा हरला. वेम्बलीवर इंग्लिश क्लबकडून खेळण्याची ती त्याची अखेरची वेळ.

नंतरची वर्षे

१९७७ मध्ये तो इंग्लंडमधल्या लीग फुटबॉलमधून बाहेर पडला. अमेरिकेतही काही काळ खेळला. १९८१ च्या एका इंग्रजी चित्रपटात पेलेबरोबर त्याने फुटबॉलपटूची भूमिका केली. पण ज्याने देशाला विश्वचषक मिळवून दिला, त्याच्या अनुभवाचा उपयोग देशाच्या फुटबॉल संघटनेने करून घेतला नाही. कोणतीही मानाची जबाबदारी त्याच्याकडे आली नाही. लहान क्लबांचे व्यवस्थापन केले, त्यात फारसे यश मिळाले नाही. धंदे केले, त्यांत नुकसान झाले. शेवटी रेडिओवर सामन्यांचे समालोचन करू लागला. इतरांची कुरकूर त्याच्याकडे गेली तरी तो स्वतः तक्रार करत नसे.

१९९१ मध्ये त्याच्यावर आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. १४ फेब्रुवारी १९९३ रोजी त्याने आपल्या आजाराची माहिती स्वतः जाहीर केली. या वेळी लपवले नाही. त्यानंतर तीनच दिवसांनी वेम्बलीवर इंग्लंडचा सामना होता. हा माणूस रेडिओच्या कामासाठी ठरल्या वेळी हजर होता. आणखी एका आठवड्याने, २४ फेब्रुवारी १९९३ रोजी, तो गेला. वय अवघे ५१. १९६६ च्या विजयी अकरांपैकी सर्वांत आधी त्यांचा कर्णधारच गेला.

वेस्ट हॅमच्या मैदानाच्या फाटकावर लोकांनी फुले आणि आपल्या क्लबांचे मफलर वाहिले. त्यांत वेस्ट हॅमच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांचेही मफलर होते. २८ जून १९९३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनासभा झाली. हा मान त्याआधी एकाच खेळाडूला मिळाला होता, वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांना. होय, तेच वॉरेल, ज्यांनी १९६२ मध्ये आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर डोक्याला चेंडू लागून मृत्यूच्या दारात असताना त्याच्यासाठी रक्त दिले होते.

मूरची पत्नी स्टेफनी हिने त्याच्या नावाने कर्करोग संशोधनासाठी निधी सुरू केला. नवे वेम्बली उभे राहिले तेव्हा २००७ मध्ये मुख्य प्रवेशद्वारासमोर त्याचा पुतळा बसवण्यात आला. २००८ मध्ये वेस्ट हॅमने सहा क्रमांकाचा सदरा कायमचा राखून ठेवला. हे सगळे झाले, छान झाले. पण जिवंतपणी त्याला एखादी खुर्ची दिली असती तर पुतळ्यापेक्षा ते बरे झाले असते, असे मला नेहमी वाटते. राखण करणाऱ्या माणसांची किंमत आपल्याला उशिरा कळते. घरात आई, शाळेत रात्री फाटक सांभाळणारे आपले काका, रस्त्यावर वाहतूक सांभाळणारा हवालदार. काही वाईट घडले नाही, म्हणून कोणी त्यांचे आभार मानत नाही. घडले नाही ते त्यांच्यामुळेच.

तर, सहावीतल्या माझ्या मित्रा (आता तू सातवीत गेलास), वचन पुरे केले. तू हळू धावतोस, हे खरे. मूरही हळूच धावत असे. यंदाचे सामने लवकरच सुरू होतील. तुला मागे उभे केले, तर मान खाली घालू नकोस. मान वर ठेव, सगळे मैदान पाहा, आणि तो प्रश्न मनात चालू ठेव: चेंडू आत्ता माझ्याकडे आला तर मी तो कोणाला देईन?

मी कडेला उभा राहून तुझाच खेळ बघणार आहे.

तुमचा,
प्राचार्य